जोड कोण निवडतो

दहा हजार रुपयांच्या आत आता इन्व्हर्टरचं वेल्डिंग मशीन मिळतं. ते एका हातात उचलता येतं आणि घरच्या सिंगल फेजवर, एसीसाठी घेतलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतं. आधीची पिढी ट्रान्सफॉर्मरची होती. तांब्याच्या वेटोळ्यांचं ते धूड चाकांवर ढकलत न्यावं लागे, बहुतेकदा त्याला दोन फेज लागत. त्यामुळे वेल्डिंग म्हटलं की पत्र्याची शेड, कमर्शियल मीटर आणि दारात अँगल-चॅनेलची रास हे ठरलेलं असे. मशीन हलकं झालं आणि ही विद्या शेडमधून गच्चीवर आली. पोटापाण्याचा दुसरा उद्योग सांभाळून रविवारी चौकोनी पाइप कापणारी, कुंड्यांचे स्टँड आणि बाक करणारी माणसं आता शहरोशहरी दिसतात. मी त्यांतलाच एक. लोखंड वितळून पुन्हा एकजीव होताना बघण्याचा आनंद ज्याला हवा त्याला मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

मी ज्या शेडमध्ये हे शिकलो तिथल्या मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून काम करताना मात्र एक प्रश्न सतत समोर येतो. दोघांच्याही होल्डरमध्ये ६०१३चा ३.१५ मिलिमीटरचा तोच रॉड असतो. करंट तोच, शंभर-एकशेदहा अँपिअर. रॉडचं टोक आणि लोखंड यांत रॉडच्या जाडीएवढंच अंतर दोघांनाही राखायचं असतं, आणि दोघांनाही झगमगाटाकडे न बघता त्यामागच्या वितळलेल्या रसाकडे बघायचं असतं. मग छंद आणि धंदा नेमके वेगळे कुठे होतात?

पैसा हे सोपं उत्तर आहे, पण ते पुरत नाही. मिस्त्रींनी स्वतःच्या घराची ग्रिल फुकट केली म्हणून ते हौशी होत नाहीत, आणि मी माझा बाक कुणाला विकला म्हणून मी वेल्डर होत नाही. कौशल्य हेही उत्तर नाही. टेबलावर ठेवलेल्या दोन पट्ट्या जोडायच्या असतील तर चार वर्षं नेटानं सराव केलेला हौशी माणूस माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी ओळ घालू शकतो. फरक मला दिसतो तो आधीच्या टप्प्यावर, रॉड पेटण्यापूर्वी. जोड कोण निवडतो, हा तो फरक आहे.

माझा जोड मी निवडतो. तो आडवा असतो, कमरेच्या उंचीवर असतो, दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल असा असतो, स्वच्छ घासलेला असतो. नाही जमला तर ग्राइंडरनं उडवतो आणि पुन्हा घालतो. धंद्यातला जोड आहे तिथे असतो. ट्रॅक्टरची ट्रॉली उसाच्या फडात मोडते, तेव्हा तडा चॅसिसच्या खालच्या बाजूला असतो, त्यावर चिखल आणि ग्रीस असतं, आणि मिस्त्रींना पाठीवर झोपून वर हात करून वेल्डिंग करावं लागतं. वितळलेला रस खाली ओघळू नये म्हणून करंट थोडा कमी करायचा, आर्क अगदी आखूड ठेवायची, आणि कॉलरमध्ये पडणाऱ्या ठिणग्यांनी हात हलू द्यायचा नाही. गुरुत्वाकर्षण इथे प्रत्येक सेकंदाला विरोधात असतं. टेबलावर तेच आपल्या बाजूनं असतं, आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते.

वेल्डिंगच्या परीक्षा म्हणूनच स्थितीनुसार लावल्या आहेत. सपाट, आडवी, उभी, डोक्यावरची, अशी चढती भाजणी असते. पाइपच्या परीक्षांत सगळ्यांत नावाजलेली सिक्स जी. तिच्यात पाइप ४५ अंशांत तिरका पक्का बांधलेला असतो आणि तो फिरवायचा नसतो. वेल्डरनं त्याच्याभोवती फिरायचं. एकाच जोडात सपाटही येतं, उभंही येतं, डोक्यावरचंही येतं. आखातातल्या रिफायनऱ्यांसाठी मुंबईत ज्या ट्रेड टेस्ट होतात, त्यांत हा तिरका पाइप पास झालेल्या माणसाचा भाव वेगळा असतो. कारण उघड आहे. कुठलाही जोड समोर आला तरी हा माणूस नाही म्हणणार नाही, याचा तो पुरावा असतो.

बॉयलरच्या नळ्यांची गोष्ट मला याहून थक्क करते. दोन नळ्यांमध्ये कधी कधी इतकी कमी जागा असते की मागची बाजू डोळ्याला दिसतच नाही. तिथे आरसा लावतात, आणि वेल्डर आरशातल्या प्रतिमेकडे बघून रॉड चालवतो. डावं-उजवं उलटं झालेलं असतं, हाताला मात्र सुलट चालायचं असतं. साखर कारखान्यात तर आणखी वेगळं काम आहे. गाळप सुरू असताना मिलचे रोलर गुळगुळीत होतात, ऊस नीट पकडत नाहीत. म्हणून चालत्या रोलरच्या दात्यांवर वेल्डिंगचे थेंब बसवून त्यांना खडबडीत करत राहतात. मिल थांबत नाही, रोलर फिरत राहतो, वेल्डर शेजारी उभा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, दिवसपाळी आणि रातपाळी. छंद म्हणून कुणीही हा जोड निवडणार नाही. मात्र आपल्या चहातली साखर या जोडावरून आलेली असते.

न निवडलेल्या जोडाला आणखी एक अंग आहे, ते म्हणजे दुसऱ्याची नजर. उच्च दाबाच्या पाइपवरचं वेल्डिंग झालं की त्याची रेडिओग्राफी होते, आणि फिल्मवर आत काय राहिलं ते दिसतं. हवेचे बुडबुडे, अडकलेली मळी (स्लॅग), कडेला न वितळता राहिलेला धातू. वरून देखणी दिसणारी ओळ फिल्मवर नापास होऊ शकते. जोडाशेजारी वेल्डरचा क्रमांक उमटवलेला असतो, त्यामुळे कुणाचे किती जोड दुरुस्तीला आले हे साइटवर सगळ्यांना ठाऊक असतं. अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची जी संहिता जगभर वापरली जाते, तिच्यानुसार एखाद्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर त्या पद्धतीची पात्रता संपते. किती वर्षांचा अनुभव आहे याला तिथे अर्थ नाही. हात आज चालतो का, एवढंच विचारलं जातं. मला या नियमात कठोरपणापेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो.

हौशी माणसाचा जोड कोणी तपासत नाही. तरीही एक सोय त्याच्याजवळ आहे, जी शेडमधल्या पोराजवळ नसते. तो जोड कापून बघू शकतो. दोन पट्ट्या जोडाव्यात, करवतीनं मधोमध कापाव्यात, किंवा व्हाइसमध्ये धरून हातोड्यानं वाकवाव्यात, आणि आत रस मुळापर्यंत गेला होता की नुसता वर बसला होता हे डोळ्यांनी बघावं. ऑर्डरच्या मालावर हे करता येत नाही. शेडमध्ये आलेला मुलगा पहिलं वर्ष स्लॅग झाडतो, ग्राइंडिंग करतो, अँगल धरून उभा राहतो. होल्डर हातात मिळतो तो काम अडलं की, आणि तेव्हा जो जोड समोर असतो त्याच्यावर. आयटीआयला वेल्डरचा एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि तो आठवी झालेल्या मुलालाही घेता येतो. पण ज्या घरात रोजची मजुरी लगेच हवी असते, तिथे ते एक वर्षही महाग पडतं. थांबण्याचा, वाया घालवण्याचा, पुन्हा करण्याचा हक्क हीच छंदाची खरी श्रीमंती आहे. शिकणाऱ्या प्रत्येकाला ती लागते, आणि जो पोटासाठी शिकतो त्याला ती सगळ्यांत कमी मिळते. हे मला अन्यायाचं वाटतं.

शरीराच्या बाबतीतही हेच. उघड्या डोळ्यांनी आर्क बघितली तर त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुतेकदा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं. शेडमध्ये त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवतात. जीआय पाइपवर वेल्डिंग केलं की झिंकच्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, त्यावर दूध प्यायचं असा समज आहे. दुधानं काही होत नाही. पाइपवरचा झिंकचा थर आधी घासून काढणं आणि हवा खेळती ठेवणं एवढाच उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट, चामड्याचे हातमोजे आणि धुराचा मास्क हे सगळं मी पहिल्याच आठवड्यात घेतलं, कारण मला ते परवडत होतं आणि मला घाई नव्हती. हातात काच धरून आणि गरज पडली की मान फिरवून दिवसभर काम करणाऱ्या माणसाला बेफिकीर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जो दिवसाचे आठ तास धुरात असतो त्याच्याकडे साधा मास्क नसतो, आणि रविवारचे दोन तास घालवणाऱ्याकडे तो असतो. हे चित्र उलटं व्हायला हवं.

आपल्याकडे तर निवडीचा प्रश्न फार जुना आहे. लोखंडाचं काम कोणी करायचं हे गावगाड्यात जन्मानं ठरत असे. लोहार, घिसाडी यांनी भात्यावर लोखंड तापवून घणानं सांधलं, पिढ्यान्‌पिढ्या, आणि त्या ज्ञानाला कोणी विद्या म्हटलं नाही. आज माझ्यासारखा माणूस तेच काम हौसेनं हातात घेतो आणि त्याचं कौतुक होतं. कौतुक जरूर व्हावं. पण ते कामाचं असेल तर मिस्त्रींच्या वाट्यालाही यायला हवं.

कारखान्यातली शिस्त आणि कलावंताचं स्वातंत्र्य यांचं नातं दाखवणारी दोन माणसं मला फार मोलाची वाटतात. हुलिओ गोन्सालेस हा स्पॅनिश कारागीर १९१८ साली पॅरिसजवळच्या रेनॉ कारखान्यात ऑक्सिॲसिटिलिन वेल्डिंग शिकला. दहा वर्षांनी पिकासोला लोखंडाची शिल्पं करायची होती तेव्हा त्याचा हात गोन्सालेस झाला, आणि पुढे स्वतः गोन्सालेसनं लोखंडी शिल्पाला नवी वाट दिली. अमेरिकेचा डेव्हिड स्मिथ तरुणपणी स्टुडबेकरच्या मोटार कारखान्यात होता. दुसऱ्या महायुद्धात तो स्केनेक्टडीच्या इंजिन कारखान्यात रणगाड्यांवर आणि रेल्वे इंजिनांवर वेल्डिंग करत होता. या दोघांनी आधी इतरांनी निवडलेले जोड केले, आणि मग स्वतःचे निवडले. त्यांच्या शिल्पांत जो बिनधास्तपणा आहे, तो मला या क्रमातून आलेला वाटतो.

आणि एक उदाहरण आपल्या घरचं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे वेल्डिंग हा शिक्षणाचा भाग होता, शेती आणि वीजजोडणीच्या बरोबरीनं. शाळेतल्या मुलांना त्यांनी नुसते सरावाचे तुकडे दिले नाहीत. गावातल्या लोकांना हव्या असलेल्या वस्तू मुलांनी करून द्यायच्या, आणि घेणाऱ्यानं त्याचा खर्च द्यायचा. कुणाला स्टूल हवं, कुणाला फाटक. म्हणजे जोड गाव निवडणार, आणि मूल शिक्षकाच्या देखरेखीखाली, चुकायला वाव ठेवून, तो पूर्ण करणार. छंदातला मोकळेपणा आणि धंद्यातली जबाबदारी इथे एकाच शेडमध्ये आली. मला वाटतं वेल्डिंग शिकवण्याची यापेक्षा चांगली रीत नाही, आणि ती गावच्या मुलांपुरती राहू नये.

हौशी माणसानं हे स्वतःपुरतं कसं करावं? शेजाऱ्याचं गेट फुकट करून देणं हा मार्ग मला पटत नाही, कारण त्याच गल्लीत त्या गेटवर कुणाचं तरी घर चालतं. ट्रेलरचा हूक, गाडीची चॅसिस, गॅसचा सिलिंडर, आधी तेल किंवा सॉल्व्हंट भरलेला ड्रम यांच्या वाटेला हौशी माणसानं जाऊच नये. असा ड्रम रिकामा दिसला तरी आतल्या वाफेनं फुटतो आणि माणूस जातो. मग न निवडलेला जोड आणायचा कुठून? मिस्त्रींकडून. महिन्यातला एक दिवस त्यांच्या हाताखाली, ते सांगतील तो जोड, त्यांनी तपासायचा आणि नापास केला तर उडवायचा.

आणि याची फी द्यायची. गाणं शिकायला आपण फी देतो, पोहायला देतो. वेल्डिंग मात्र ओळखीवर, ‘मिस्त्री, जरा दाखवा’ म्हणून शिकतो. त्या वेळात त्यांचं काम थांबलेलं असतं आणि त्यांचे रॉड जळत असतात. आमच्या मिस्त्रींनी सुरुवातीला फी घ्यायला नकार दिला. मग त्यांना काय शिकायचं आहे हे विचारलं, तेव्हा त्यांनी टिग या प्रकारच्या वेल्डिंगचं नाव घेतलं. स्टेनलेस स्टीलची बारीक कामं त्यानं होतात आणि त्याला दरही चांगला मिळतो. पण त्यासाठी आर्गॉन वायू लागतो, वाया घालवायला पत्रा लागतो, आणि ऑर्डर नसताना शेडमध्ये उभं राहायला वेळ लागतो. शिकवणीची फी आता त्या आर्गॉनवर खर्च होते. सुट्टीच्या दिवशी ते पत्र्याचे तुकडे जोडतात, कापतात, आत बघतात आणि बाजूला टाकतात. टिगची ऑर्डर अजून आलेली नाही. ती यायच्या आधी हात तयार व्हावा, असं त्यांनी ठरवलं आहे.