आपली कृति आणि आपले कान

आपण स्वतःच्या हातांनीं केलेली वस्तु आपणांस चांगली वाटते, ती चांगली असते म्हणून कीं ती आपली असते म्हणून? प्रश्न जुना आहे. 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कारटें' ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यानें या प्रश्नाचें एक उत्तर देऊनच ठेवलें आहे. पण म्हण मनुष्याची खोड दाखवून थांबते. त्या खोडीचें करावयाचें काय, हें ती सांगत नाहीं. याविषयीं विचार करण्यास मला जें निमित्त झालें, तें कांहीं वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. घरच्या घरीं लाउडस्पीकर तयार करण्याचा छंद असलेल्या मंडळींचा एक मेळावा, हें तें निमित्त होय.

लाउडस्पीकर कोणत्याहि मोठ्या दुकानांत मिळतो. असें असतां तो घरीं करीत बसणारे लोक जगांत पुष्कळ आहेत, आणि त्यांचे मेळावेहि भरतात. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें २००७ सालीं 'बर्निंग अँप' या नांवाचा असा एक मेळावा सुरू झाला. नेल्सन पास यांच्यासारखे ध्वनियंत्रांचे नामांकित रचनाकार तेथें हौशी लोकांत मिसळत आले आहेत. त्याच देशाच्या मध्यभागांतील राज्यांत याहून लहान, वीस-पंचवीस माणसांचे मेळावे भरतात. प्रत्येक जण आपली जोडी घोंगडींत गुंडाळून मोटारींतून आणतो, पाळी आली म्हणजे मांडतो, चार गाणीं वाजवून दाखवितो आणि इतरांच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. परीक्षेचा निकाल लागण्याच्या दिवशीं विद्यार्थी जसा उभा राहतो, तसाच.

या छंदांतील कारागिरी थोडक्यांत सांगितली पाहिजे. १९२५ सालीं चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन इंजिनियरांनीं जी रचना प्रसिद्ध केली, तीच मूलतः आजहि बहुतेक लाउडस्पीकरांत आढळते. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक वेटोळें असतें, त्यास कागदाचा शंकु जोडलेला असतो, आणि विजेच्या प्रवाहाबरोबर तो मागेंपुढें होऊन हवा हलवितो. परंतु शंकु पुढें सरला म्हणजे पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणीं मागची विरळ होते. या दोन लाटा एकत्र मिळाल्या कीं खर्जाचे स्वर नाहींसे होतात. म्हणून पेटी लागते. ती केवढी असावी, बंद असावी कीं तिला भोंक ठेवावें, हें पूर्वीं पुष्कळसें अंदाजानें ठरत असे. १९६१ सालीं ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यांनीं, आणि पुढच्या दशकांत रिचर्ड स्मॉल यांनीं, याचें गणित नीट बसवून दिलें. तेव्हांपासून ज्याला थोडें गणित येतें आणि करवत सरळ चालवितां येते, तो कोणीहि मनुष्य बऱ्यापैकीं पेटी करूं शकतो. उंच स्वर एका लहान यंत्राकडे आणि खालचे मोठ्याकडे वांटून देणारी जोडणी, जिला क्रॉसओव्हर म्हणतात, ती मात्र मापन आणि कान या दोहोंच्या साह्यानें महिनेन् महिने जुळवीत बसावें लागतें. सारा घोटाळा होतो तो याच महिन्यांत. कारण कान हा सवयीचा गुलाम आहे; रोज ऐकलेला दोष त्याला महिन्याभरांत गुणासारखा वाटूं लागतो.

माझे एक स्नेही मूळचे पुण्याचे. गेलीं वीस वर्षें ते ओहायो राज्यांत राहतात. दिवसा हिशेबनिसाचें काम आणि रात्रीं मोटारीच्या खोलींत सुतारकाम, असा त्यांचा क्रम. दोन हिवाळे खपून त्यांनीं लाउडस्पीकरांची एक जोडी केली. तिच्यावर अक्रोडाच्या लांकडाचा पातळ पापुद्रा चढविलेला होता, आणि कोपरे असे घोटलेले होते कीं सांधा शोधून सांपडूं नये. पहिल्याच दिवशीं त्यांच्या पत्नीनें हिराबाई बडोदेकरांची एक ध्वनिमुद्रिका लावावयास सांगितली; त्यांच्या माहेरीं ती लहानपणापासून ऐकलेली. दोन मिनिटें ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, बाईंना सर्दी झाली आहे का हो?" स्नेह्यांनीं तें हंसण्यावारी नेलें. ध्वनिमुद्रण जुनें आहे, खोली लहान आहे, शिवाय हिला यांतलें काय कळतें, अशीं तीन कारणें त्यांनीं मनांतल्या मनांत नोंदविलीं. पुढें तेंच गाणें त्यांनीं स्वतः पन्नास वेळां ऐकलें, आणि पन्नासाव्या वेळीं तें त्यांना निर्दोष वाटलें.

मग मेळावा आला. त्या वर्षीं चालकांनीं पद्धत बदलली होती. पांच जोड्या एका झिरझिरीत कापडाच्या पडद्यामागें ठेवल्या. सर्वांचा आवाज मापून सारखा केला. कारण किंचित् मोठ्यानें वाजणारा लाउडस्पीकर ऐकणाऱ्यास हटकून सरस वाटतो. प्रत्येकाच्या हातीं एक कोरा कागद दिला, आणि त्यावर नांव लिहावयाचें नाहीं असें सांगितलें. एका स्त्रीचें गाणें, एक पियानो, थोडा खर्जाचा तंतुवाद्याचा भाग, असें तेंच तेंच पांचहि जोड्यांवर वाजविण्यांत आलें. आमच्या स्नेह्यांनीं तिसऱ्या जोडीपुढें लिहिलें: "आवाज पेटींत कोंडलेला. गाणाऱ्या बाईला सर्दी झालेली दिसते." लिहितांना हा शब्द पूर्वीं कोठें ऐकला याचें त्यांस स्मरण झालें नाहीं. पडदा सरकला तेव्हां झालें. तिसरी जोडी अक्रोडाची होती.

कागदावर नांव नसल्यामुळें तो खिशांत घालून गप्प बसणें अगदीं सोपें होतें, आणि प्रथम त्यांनीं तेंच केलें. भोजनाच्या सुट्टींत शेजारच्या एका वृद्ध गृहस्थानें सहज विचारलें, "तिसऱ्या जोडीविषयीं आपण काय लिहिलें?" स्नेही मला म्हणाले, "खोटें उत्तर जिभेवर तयार होतें. पण अक्षर माझें, दोष माझ्या पेटीचा आणि शब्द बायकोचा. तिघांनाहि एकाच वेळीं खोटें पाडण्याचा धीर मला झाला नाहीं." त्यांनीं कागद काढून दाखविला. तो गृहस्थ हंसला नाहीं. त्यानें आपला कागद पुढें केला. त्यानेंहि न ओळखतां स्वतःच्या जोडीस चौथी जागा दिली होती. मग दोघेहि अक्रोडाच्या पेटीवर बोटांच्या पेरांनीं ठोकून पाहूं लागले. बाजूची फळी मधोमध ढोलकीसारखी वाजत होती.

आमचे स्नेही कांहीं विशेष आत्मवंचक आहेत असें नव्हे. १९९४ सालीं फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनीं लाउडस्पीकर तयार करणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन संस्थेंतील नोकरांवरच एक प्रयोग केला. तेच श्रोते, तेच लाउडस्पीकर. एकदां डोळ्यांसमोर, एकदां पडद्याआड. डोळ्यांसमोर असतांना देखणे व आपल्या संस्थेचे लाउडस्पीकर वर चढले. पडदा आल्याबरोबर निकाल बदलला. म्हणजे हें ज्यांचें पोटापाण्याचें काम, त्यांचे कानहि डोळ्यांच्या सल्ल्यानें चालतात. मग जेथें डोळ्यांच्या जोडीला दोन हिवाळ्यांचे श्रम उभे असतात, तेथें बिचाऱ्या कानाचें काय चालणार?

यावर कोणी म्हणेल, "एवढा खल कशाला? ज्याचे कान त्याला. मला गोड लागतें, तेवढें पुरे." हा आक्षेप लहान नाहीं. छंद हा आनंदासाठीं असतो, आणि आनंदाला साक्षीदार लागत नाहींत. परंतु लाउडस्पीकर ही वस्तु जरा निराळी आहे. मिरजेच्या कारागिरानें तंबोरा केला, तर त्या तंबोऱ्याला स्वतःचा आवाज असावा अशीच आपली अपेक्षा असते. जवारी अशी लागावी कीं ऐकणाऱ्यानें हा अमक्याच्या हातचा म्हणून ओळखावें. लाउडस्पीकराचें तसें नाहीं. त्याचा धर्म दूताचा आहे. दुसऱ्यानें सांगितलेला निरोप, त्यांत आपल्या पदरचें कांहीं न घालतां आणि त्यांतून कांहीं न गाळतां, पोंचविणें हें त्याचें काम. दूत स्वतःच्या शब्दांवर खूष असला आणि मालकहि दूतावर खूष असला, तरी ज्यानें निरोप धाडला त्याच्यावर अन्याय व्हावयाचा तो होतोच. अक्रोडाच्या पेटीवर आमचे स्नेही प्रसन्न होते. सर्दी झाली होती ती हिराबाईंना. आपल्या कृतीविषयींच्या पक्षपाताचा दंड पुष्कळदां असा तिसऱ्यालाच भरावा लागतो. शिक्षक आपल्या शिकविण्यावर खूष असतो आणि दंड विद्यार्थी भरतो. बाप आपल्या शिस्तीवर खूष असतो आणि दंड मुलगा भरतो. म्हणून 'मला गोड लागतें' हें उत्तर जेथें केवळ माझाच संबंध असेल तेथें पुरेसें आहे, अन्यत्र नाहीं.

तर मग आपल्या कृतीवर प्रेम करूंच नये काय? असा उपदेश करणारे तत्त्वज्ञ आहेत. पण त्यांतील फारच थोड्यांनीं हातांत करवत धरली असेल. गोठविणाऱ्या थंडींत, दिवसभराच्या नोकरीनंतर, एकाच कोपऱ्याला चौथ्यांदां पॉलिश-कागद लावीत बसावयास मनुष्याला दुसरें काय लावतें? प्रेमावांचून वस्तु होत नाहीं. चूक प्रेमांत नाहीं; प्रेमाला न्यायासनावर बसविण्यांत आहे. आई मुलाला वाढविते म्हणून तिनेंच त्याची परीक्षा घ्यावी, असें आपण म्हणत नाहीं. आणि परीक्षक दुसरा असला म्हणून आईचें प्रेम खोटें ठरतें, असेंहि म्हणत नाहीं. घडविणें हें एकाचें काम, पारखणें हें दुसऱ्याचें. अडचण इतकीच कीं, दुसरा आणावयाचा कोठून?

येथें मेळाव्याचें महत्त्व आहे, आणि धोकाहि येथेंच आहे. हौशी लोकांचा मेळावा म्हटला कीं उंटाच्या लग्नांत गाढव गायलें आणि दोघांनीं एकमेकांचें रूप व आवाज वाखाणला, ही संस्कृत सुभाषितांतील थट्टा आठवल्यावांचून राहत नाहीं. मी तुमच्या पेटीला बरें म्हणतों, तुम्ही माझीला म्हणा, एवढ्यावर पुष्कळ मंडळें चालतात. त्यांत साहित्याचीं मंडळेंहि येतात. नुसता पडदा बांधून किंवा अंधार करून हा रोग जात नाहीं. १९१५ सालापासून पुढें एडिसनच्या कंपनीनें गांवोगांव असे प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारीं फोनोग्राफ. मध्येंच दिवे मालवावयाचे, आणि कोण गात आहे तें श्रोत्यांनीं ओळखावयाचें. तें ओळखतां येत नाहीं, असें श्रोते खुषीनें सांगत. पुढें पुष्कळ वर्षांनीं त्यांतील ॲना केस या गायिकेनें सांगितलें कीं, तिनें आपला आवाज यंत्रासारखा करून घेतला होता. अंधार होता, पण सत्य जाणण्याची इच्छा नव्हती. म्हणून यंत्र मनुष्यासारखें होण्याऐवजीं मनुष्यच यंत्रासारखें झालें.

मग आमच्या स्नेह्यांच्या मेळाव्यांत काय निराळें होतें? मला वाटतें, इतकेंच कीं तेथें प्रत्येक परीक्षक हा स्वतः आरोपीहि होता. केवळ गिऱ्हाइकाचें मत असतें तर त्यांनीं तें, बायकोचें मत टाकलें तसें, 'यांना काय कळतें' म्हणून टाकलें असतें. केवळ प्रतिस्पर्ध्याचें मत असतें तर तें मत्सर म्हणून टाकलें असतें. पण ज्या वृद्ध गृहस्थानें आपला कागद पुढें केला, त्यालाहि रात्रीं जागून केलेल्या वस्तूचा मोह ठाऊक होता, आणि त्यानेंहि नकळत स्वतःविरुद्ध निकाल दिला होता. अशा माणसापुढें हार कबूल करण्यांत अपमान नसतो. मनुष्य स्वतःविषयींचें सत्य ऐकून घेण्यास बहुधा तयार असतो. तें सांगणारा उंचावर उभा असला म्हणजे मात्र त्याच्या कानांत तें शिरत नाहीं.

तरी एक गोष्ट राहतेच. तें सत्य स्नेह्यांच्या घरांत दोन मिनिटांत, कोणताहि पडदा न लावतां, उच्चारलें गेलें होतें. त्यासाठीं दूरच्या मेळाव्यास जाण्याची, पांच जोड्यांची आणि कोऱ्या कागदाची गरज नव्हती. आपल्याहून कमी जाणता म्हणून ज्याला आपण बाजूस सारतों, त्याचें ऐकून घेण्याची गरज होती. हें त्यांच्याहि ध्यानांत आलें असावें. परत आल्यावर त्यांनीं पेटीचें पाठीमागचें झांकण उघडलें, फळ्यांना आंतून आडव्या पट्ट्या मारल्या, आणि पत्नीला बोलावून तीच ध्वनिमुद्रिका लावली. या वेळीं त्यांनीं खोलीचें किंवा ध्वनिमुद्रणाचें नांव काढलें नाहीं, नुसतें विचारलें, "आतां कसें वाटतें?"

त्या बराच वेळ ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "सर्दी गेली. पण अजून बाई शेजारच्या खोलींत बसून गातात असें वाटतें."

त्यांनीं पेटी पुन्हां उघडली आहे.