स्वातंत्र्याची किंमत कोणी मोजायची?



दीक्षा झाली, बावीस प्रतिज्ञा झाल्या, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. तरीही पुष्कळ घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या देवांचे टाक फडक्यात बांधून ठेवलेले असतात. विचारले तर उत्तर येते, "असू द्या गुरुजी, वेळप्रसंग काय सांगून येतो?" या उत्तराची थट्टा करू नये. त्यामागे भीती आहे. पोर तापाने फणफणले, लेक बाळंतपणात अडली, की मन जुन्या आधाराकडे धाव घेते. आज या भीतीविषयीच आपण विचार करू.

गुलामगिरीतही एक प्रकारची निश्चिंती असते, ही गोष्ट प्रथम ओळखली पाहिजे. महारवतन आठवा. हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा आणि सुगीला मिळणारे बलुते, एवढ्यावर रात्री-अपरात्री सरकारची आणि गावाची राबणूक. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. वतन म्हणजे पायातील बेडी, हे त्यांनी समाजाला परोपरीने सांगितले. पण बेडी तुटली तर उद्या खायचे काय, हा प्रश्न पोटातून येतो. स्वातंत्र्य त्या प्रश्नाचे उत्तर हातात देत नाही. ते उत्तर शोधण्याची मोकळीक देते. जोखीम म्हणतात ती हीच.

या जोखमीचा सर्वांत मोठा धडा आपल्या धम्मग्रंथातच आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरागत कथा स्वीकारली नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून एकोणतीस वर्षांच्या माणसाला एकाएकी वैराग्य आले, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला.

शाक्य आणि कोलीय या दोन्ही गणांची शेती त्या नदीच्या पाण्यावर होती. तंटा चिघळला, तेव्हा शाक्य संघाच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, अशी त्याने सूचना केली. मतदान झाले आणि सिद्धार्थ मोठ्या बहुमताने हरला.

दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला. सिद्धार्थाने शस्त्र धरण्यास साफ नकार दिला. तेव्हा सेनापतीने त्याला बजावले की, संघ तुझ्या कुटुंबावर बहिष्कार घालू शकतो आणि तुझ्या घराण्याची जमीन जप्त करू शकतो.

बंधूंनो, बहिष्कार आणि जमीन हे दोन शब्द आपल्या वाडवडिलांना नवे नव्हते. मान वर केली की त्यांच्यावर हीच हत्यारे चालविली जात. सिद्धार्थ राजकारणात अल्पमतात होता, पण त्याने आपले मत विकले नाही. त्याने संघाला विनविले की, अपराध माझा आहे, शिक्षा मला द्या. माझ्या घरच्यांना पाण्यावाचून आणि भाकरीवाचून मारू नका. मग तोड म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. आपल्या स्वातंत्र्याची किंमत त्याने स्वतः मोजली, दुसऱ्याच्या अंगावर ढकलली नाही.

पुढे राजगृहात असताना त्याला कळले की शाक्य-कोलीयांचा समेट झाला आहे. घरची वाट मोकळी झाली होती. पण त्याच्या मनात मोठा प्रश्न उभा राहिला : एक युद्ध टळले, पण माणसामाणसांतला कलह का टळत नाही? या प्रश्नापायी तो परतला नाही. आळार कालामाकडे तो शिकला, उद्दक रामपुत्ताकडे शिकला. तेथे मानाची जागा मिळत असतानाही समाधान होईना म्हणून तो पुढे निघाला. सहा वर्षे देह झिजविला आणि तेही निष्फळ आहे असे दिसताच सोडले. त्याने अन्न घेतले, तेव्हा सोबतचे पाच परिव्राजक त्याला टाकून गेले. विचाराच्या क्षेत्रातील जोखीम ही अशी असते. तेथे बहिष्कार गाव घालत नाही, सोबती घालतात.

आणि धर्मात? संबोधी मिळाल्यावर माझ्या पाया पडा, मी तुम्हांला तारीन, असे त्यांना म्हणता आले असते. त्यांनी तसे म्हटले नाही. ते मोक्षदाता झाले नाहीत, मार्गदाता झाले. आपल्यामागे कोणाला गादीवर बसविले नाही. आपले वचनदेखील पारखून घ्या, असे सांगण्याचे धाडस त्यांनी केले. यात मोठी जोखीम होती. पारखणारा उद्या नाकारीलही! पण ज्याला नाकारण्याची मुभा नाही त्याच्या स्वीकाराला किंमत काय?

आता आपल्या घराकडे पाहा. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी दीक्षा घेतली, तेव्हा त्यांनी असाच हिशेब चुकता केला. अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीतून ते बाहेर पडले. बौद्धांचा त्या यादीत समावेश झाला तो १९९० साली. मधली चौतीस वर्षे कित्येक आईबापांनी नुकसान सोसून मुलाच्या नावापुढे 'बौद्ध' लिहिले. आज तो कायदा आपल्या बाजूने आहे. तरीही शाळेच्या प्रवेश अर्जावर धर्माच्या रकान्याशी येऊन काही पालकांचा हात अडखळतो, हे मी शिक्षक म्हणून दर जून महिन्यात पाहतो. त्यांना माझी विनंती आहे : कायदा काय सांगतो ते विचारून घ्या, कागदपत्रे नीट जमवा आणि मग बेधडक लिहा. माहिती नसताना घेतलेली उडी म्हणजे शौर्य नव्हे. प्रज्ञेवाचून जोखीम हा जुगार आहे, आणि जोखमीवाचून प्रज्ञा ही पोपटपंची.

आणखी एक गोष्ट, विशेषतः घरातील कर्त्या पुरुषांसाठी. गृहत्यागापूर्वी सिद्धार्थ यशोधरेशी बोलला. तिने रडून त्याला अडविले नाही. विचारपूर्वक, धीराने संमती दिली. आपल्यापैकी किती जणांनी दीक्षा घेताना घरच्या बाईला विचारले? तिचे देव एका दिवसात नदीत सोडले, पण तिच्या मनातली भीती कोणी ऐकून घेतली? मग ट्रंकेत टाक राहिले तर दोष एकटीचा कसा? स्वातंत्र्य आपण घ्यायचे आणि किंमत तिने मोजायची, हा धम्म नव्हे. तिच्याजवळ बसा. पोर आजारी पडले तर दवाखान्यात बरोबर जा, रात्र जागा, शेजारच्या उपासकाला हाक मारा. नवसाची जागा माणसांनी भरून काढली पाहिजे. ती भरली की ट्रंक तिची ती उघडील.

मुलांनाही ही मोकळीक द्या. लेक उद्या विचारील, ही वंदना का म्हणायची? ही प्रतिज्ञा कशासाठी? तिला गप्प करू नका. परंपरेची कथा तपासून पाहणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे आहोत. तिचा प्रश्न आपल्याला अडचणीत आणील. आणू द्या. बिनप्रश्नाच्या घरात पुन्हा एक नवा देव्हारा उभा राहायला वेळ लागत नाही.

जय भीम!