बांबूतलं भोक

घेवड्याच्या मांडवाचा एक बांबू वाळून चिरला होता. सकाळी तो काढायला गेले, तर खाली भुशाची छोटीशी ढिगली दिसली. वर बांबूला एक भोक. गिरमिटानं पाडावं तसं नेमकं गोल.

"किडलाय. बंबात घाला," शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या.

तेवढ्यात भुंगा आला. काळाभोर, पंखांवर निळी झाक. भोकाशी जरा घुटमळला आणि आत गेला. मी हात मागे घेतला.

कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा ज्ञानेश्वरांनी सातशे वर्षांपूर्वी ओवीत आणला. माझ्या अंगणात तो राहतो, हे मला आज कळलं. आणि आपण 'तो' म्हणतो, पण घर पोखरणारी असते मादी. मधमाशीच्याच गोतातली. हिला मोहोळ नाही, हाताखाली कामकरी नाहीत. पराग आणि मधुरस कालवून ती त्यांचा गोळा करते, त्यावर एक अंडं घालते, भुशाचा पडदा लावते. मग पुढची खोली. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक अशाच एकट्यानं संसार करणाऱ्या, आणि पुष्कळशा जमिनीत बीळ करून राहणाऱ्या. मोहोळ दिसतं, बीळ दिसत नाही.

थोड्या वेळानं ती वांग्यावर गेली. वांग्याच्या फुलात मध नसतो. परागही उघड्यावर नसतो. पिवळ्या नळ्यांत बंद, टोकाला बारीकशी छिद्रं. तिनं फुलाला मिठी मारली. पंख स्थिर, पण आवाज एकदम चढला. छातीच्या स्नायूंच्या त्या थरथरीनं पराग छिद्रांतून झरतो आणि तिच्या अंगावर पडतो. टोमॅटोच्या फुलाचंही असंच. आपल्या सातेरी मधमाशीला हे जमत नाही. भरली वांगी मी आयुष्यभर केली, हा आवाज कधी ऐकला नव्हता.

बांबू वळचणीखाली, पाऊस लागणार नाही असा, सुतळीनं बांधला. विहिरीजवळच्या कोपऱ्यात फरशी घालायचं ठरलं होतं, ते राहू दिलं. तिथली माती उघडीच बरी. कीडनाशकाची बाटलीही आता उघडायची नाही.

"जाळला नाहीत?" काकूंनी विचारलं.

मी त्यांना आत बोलावलं. वांग्याच्या वाफ्यापाशी आम्ही दोघी गप्प उभ्या राहिलो. फूल हललं. आवाज चढला.

"अगं बाई," काकू हळूच म्हणाल्या, आणि ऐकायला खाली वाकल्या.