धनिकाचे साधे घर

व्हिएन्ना नगरीतील योसेफ चौकांत, बादशाही ग्रंथालयासमोर, एक प्रासाद आहे. योहान फ्रीस या पेढीवाल्याकरिता राजशिल्पी होहेनबर्ग यांनी तो १७८३-८४ साली उभारिला. फ्रीस मूळचा परगांवचा, धर्माने प्रॉटेस्टंट. सैन्यास माल पुरवून आणि मारिया तेरेसाची रौप्यमुद्रा तुर्कांच्या मुलखांत धाडून त्याने संपत्ति जोडली होती. प्रासादाची जागाही दुसऱ्या योसेफ बादशहाने १७८२ साली मोडलेल्या जोगिणींच्या मठाची.

घर पाहून नगरवासी रागावले. कारण मात्र विलक्षण: थाट फार म्हणून नव्हे, तर थाट नाही म्हणून! जुने फुगीर नक्षीकाम टाकून होहेनबर्ग यांनी ग्रीक-रोमन वळणाची सपाट, नेटकी दर्शनी बाजू योजिली होती. ती लोकांस त्या चौकांत दरिद्री वाटली. अखेर त्साउनर या मूर्तिकाराकडून दरवाजाशी भार पेलणाऱ्या चार स्त्रीमूर्ति करवून घ्याव्या लागल्या.

ज्यास थाट परवडतो, त्याच्या साधेपणास सद्गुण म्हणावे काय? गरिबाचा साधेपणा कोणी वाखाणीत नाही. वाखाणला जातो तो श्रीमंताचाच. तेव्हा लोकांचा राग अगदीच अडाणी होता, असे आम्हांस म्हणवत नाही. लढाईच्या पुरवठ्यावर व सरकारी नाण्यावर वाढलेल्या धनातून निदान डोळ्यांचे पारणे तरी फिटावे, ही अपेक्षा कांही वावगी नव्हे. परंतु त्यांनी मागितले ते दगडच! ते धन आले कसे आणि जोगिणी गेल्या कोठे, हे प्रश्न त्या टीकेंत नव्हते.

फ्रीस १७८५ साली फ्योस्लाऊ येथील आपल्याच वाड्याच्या तळ्यांत बुडून मेला. पुत्र मोरित्झ याचा हात सढळ. त्याने चित्रे व ग्रंथ जमविले, कलावंतांस आश्रय दिला. बीथोव्हेनची सातवी सिंफनी त्यालाच अर्पण केलेली आहे. १८२६ साली पेढी बुडाली. संगीताचे इतिहासकार त्याचे नांव कृतज्ञतेने घेतात, आणि आम्हीही घेतो. मात्र पेढीत ज्यांच्या ठेवी होत्या, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही.

प्रासाद १८४२ साली पालाविचिनी घराण्याकडे गेला आणि आज त्याच नांवाने ओळखला जातो. त्या चार मूर्ति दरवाजाशी अजून आहेत.