चाळीस खुर्च्या पुरेत

नागपूर

चि. बापू,

तुझा बेत कळला. समुद्रपुरात जॅझचा कार्यक्रम करायचा, चौकात स्टेज बांधायचं, इथून लाइटवाला न्यायचा आणि कुठल्यातरी नेत्याचा बॅनर लावून खर्च काढायचा. जॅझ करायचं म्हणतोस याचा मला फार आनंद झाला. बाकीचं सगळं खोडून टाक.

आधी त्या हसणाऱ्यांचं बघू. 'समुद्रपुरात जॅझ?' असं म्हणून जे हसले, त्यांना सांग की मुंबईत जॅझ वाजवणारे कितीतरी जण खेड्यापाड्यातूनच आले होते. चिक चॉकलेट म्हणून गाजलेला ट्रम्पेटवाला अंतोनियो झेवियर वाझ गोव्यातल्या हळदोण्याचा. सॅक्सोफोनवर ज्याचं नाव आजही आदरानं घेतात तो ब्राझ गोन्साल्विस नेवऱ्याचा. फ्रँक फर्नांड कुडचड्याचा. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत, त्या शिदोरीवर ही मंडळी मुंबईला आली. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढच्या काही वर्षांत मुंबईच्या हॉटेलांत गोव्याची पोरं तेच संगीत वाजवू लागली.

विदर्भही यात कोरडा राहिलेला नाही. राम चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले. वसंतराव देशपांडे त्याच गुरूंचे शिष्य. याच चितळकरांनी मुंबईत चिक चॉकलेटला आपला साहाय्यक म्हणून घेतलं. 'अलबेला' (१९५१) बघ, त्यात चिक आणि त्याचा ताफा पडद्यावरसुद्धा दिसतो. तेव्हा नागपूरच्या तालमीची आणि हळदोण्याच्या ट्रम्पेटची सोयरीक फार जुनी आहे. तू काही नवा भ्रष्टाकार करत नाहीस.

आता पैशाचं, कारण तुझा बेत तिथेच चुकतोय.

चर्चगेटच्या रस्त्यावर, म्हणजे आताच्या वीर नरिमन रोडवर, एके काळी हॉटेलाहॉटेलांतून संध्याकाळी ताफे वाजत. ऐकणाऱ्यांची चैन होती. पण वादकाचा पगार निघायचा तो गिऱ्हाइकाच्या खाण्यापिण्याच्या बिलातून, संगीतासाठी वेगळा पैसा कोणी मोजत नव्हतं. १९४९ चा दारूबंदी कायदा आला तेव्हा पहिला हादरा बसला. पुढे डिस्को आली आणि मालकांच्या लक्षात आलं की पाच माणसांना पगार देण्यापेक्षा तबकड्या लावणं स्वस्त पडतं. ताफे मोडले. ज्यांना जमलं ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गेले, आणि तिथे त्यांची नावं पाटीवरही येत नसत. मला यात हॉटेलमालकांचा दोष फारसा दिसत नाही, ते धंदा करत होते. ऐकणाऱ्यांनी मात्र वर्षानुवर्षं जवळजवळ फुकट ऐकलं, आणि बंद पडल्यावर हळहळले.

आपला वर्धा जिल्हा तर १९७४ पासून दारूबंदीचा. (कागदावर. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.) म्हणजे बारच्या गल्ल्यावर संगीत पोसायची सोय तुला मुळातच नाही, आणि ते बरंच झालं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला, जिथं हे संगीत जन्मलं, तिथं १९६१ मध्ये प्रिझर्वेशन हॉल सुरू झाला. जुनाट खोली, लाकडी बाकडी, खायला नाही, प्यायला नाही. दारात पैसे द्यायचे, आत बसायचं, म्हाताऱ्या वादकांना ऐकायचं. तो उभा करणारा ॲलन जॅफी फिलाडेल्फियाहून लग्नानंतरच्या प्रवासात तिथं आला आणि बायकोसकट तिथलाच होऊन गेला. अजून चालू आहे तो हॉल. नेत्याचा बॅनर हाही एक बारचा गल्लाच समज. निवडणूक झाली की आटतो.

मुंबईतही पडझडीनंतर उभं राहिलं ते ऐकणाऱ्यांच्या बळावर. निरंजन झवेरी हे जॅझचे वेडे. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी १९७८ मध्ये 'जॅझ यात्रा' भरवली. धोबीतलावाजवळच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला येऊन वाजवून गेला. नोकरीच्या दिवसांत मागच्या रांगेत बसून मीही तिथं ऐकलंय, त्या उपकाराबद्दल बोलायला नको. पण एक खंत सांगतो. उत्सव दोन वर्षांतून एकदा यायचा. मधल्या रात्री आपल्या पोरांनी वाजवायचं कुठं? पुढे रंगभवन आजूबाजूच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथले कार्यक्रम थांबले. याच्या उलट न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड बघ. १९३५ पासूनचं ते तळघर, माणसं मावतात १२३. रोलिन्सनं १९५७ मध्ये तिथं वाजवलेलं ध्वनिमुद्रण आजही लोक शोधून ऐकतात. चालवणारा मॅक्स गॉर्डन वादक नव्हता, त्याला आधी तिथं कवितावाचनं करायची होती! आपल्या जवळचं बघायचं तर पणजीत कांपालला आर्मांदो गोन्साल्विस यांनी आपल्या जुन्या घरीच जॅझच्या मैफली भरवल्या.

म्हणून म्हणतो, चाळीस खुर्च्या मांड. कोणाचा तरी वाडा बघ, माडी बघ. जिनिंगचं रिकामं गोदाम घेऊ नकोस. टिनावर पाऊस पडायला लागला की ट्रम्पेटसुद्धा हरतो. दवाखाना, शाळा, कोर्ट यांपासून शंभर मीटर लांब राहा आणि दहाच्या आत आटप. एवढ्या जागेत माइक लागतच नाही. सत्कार नको, नारळ नको, भाषण तर अजिबात नको. तिकीट पन्नास रुपये ठेव, आणि ते नगराध्यक्षांनाही आणि तुझ्या आईलाही. वादकाचं पाकीट पहिल्या सुरापूर्वी त्याच्या हातात पडलं पाहिजे.

वादक कुठून आणू, म्हणतोस. लग्नाच्या बँडवाल्यांकडे जा. आषाढी ते तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांना सुपाऱ्या नसतात. जॅझच्या मुळाशी असलेच पितळी वाद्यांचे बँड आहेत. न्यू ऑर्लिन्समध्ये ते मयताला वाजवत, जाताना संथ आणि परतताना नाचरं. तालुक्यातल्या एखाद्या चांगल्या क्लॅरिनेटवाल्याला सांग, वरातीत वाजवतोस तीच चाल आधी सरळ वाजव, मग तिच्या आवर्तनात राहून मनाचं वाजव, फिरून समेवर ये, आणि पुढच्याला जागा दे. त्याला हे परकं वाटणार नाही. गिरडला उरसात कव्वाल एकच ओळ किती परींनी फिरवतात ते त्यानं ऐकलेलं असतं, खंजिरीच्या भजनातही तो वाढलेला असतो. नागपूरहून एखादा सॅक्सोफोनवाला मी बघतो. तो या लोकांबरोबर दोन दिवस आधी येऊन बसेल, एवढी मात्र अट घाल. नाहीतर पाहुणा वाजवतो आणि गाववाले टाळ्या वाजवतात, असलं काहीतरी होईल.

पहिल्या वेळी बारा माणसं आली तरी कार्यक्रम कर आणि पुढची तारीख त्याच रात्री सांगून टाक. महिन्याचा एक शनिवार धर. पोळ्याच्या जवळचा नको, तेव्हा कोणी येणार नाही आणि यायलाही नको. सोयाबीन काढणीचे दिवसही सोड.

माझं तिकीट ठेव, पन्नास रुपये येताना आणतो. मी बसनं जामला उतरेन. तिथून समुद्रपूरला कोणाची गाडी येईल का, आणि रात्री दहानंतर परत जामला कोण सोडेल, ते विचारून कळव.

तुझे,
मामाजी