खराटा, वॉट आणि साधनविवेक

साधनाचे मोल शक्तीवरून ठरवावे की सुलभतेवरून, हा साधनविवेकाचा, म्हणजे साध्याला अनुरूप साधन निवडण्याचा, प्रश्न उभ्या व्हॅक्यूम क्लीनरच्या निवडीतही दडलेला आहे. वॉटचा आकडा मोटर किती वीज घेते एवढेच सांगतो, धूळ किती ओढली जाते हे नव्हे. युरोपीय संघाने तर २०१७ पासून ९०० वॉटची कमाल मर्यादाच घातली. सुलभतेचे मोल मात्र खराट्यात दिसते: १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतील वांद्रे पोलीस ठाण्यात अखेरचे कीर्तन करणाऱ्या, स्वच्छतेचा प्रसार करणाऱ्या संत गाडगे महाराजांचा खराटा कोणालाही उचलता येई, आणि म्हणूनच सफाईचा अधिकार, म्हणजे ती करण्याची पात्रता, एका जातीपुरता उरत नसे. आज त्याच वांद्र्याच्या आटोपशीर सदनिकेत जड यंत्राची शक्ती बहुधा कपाटातच अव्यक्त राहते. जाड गालिचे नसतील, तर तेथे हलके यंत्रच श्रेष्ठ होय.