उत्सव, मद्य आणि सावरणारा हात

दरवर्षी १७ मार्च रोजी आयर्लंडमध्ये, आणि जगात जेथे जेथे आयरिश माणूस जाऊन वसला तेथे तेथे, सेंट पॅट्रिक या संताचा दिवस पाळला जातो. पाचव्या शतकात त्या बेटावर ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणाऱ्या या संताच्या नावाने प्रार्थना होतात, मिरवणुका निघतात आणि बिअरचे पेलेही भरले जातात. जवळजवळ त्याच ऋतूत, होळीच्या आधीच्या आठवड्यात, माळव्याच्या पश्चिमेकडील धार, झाबुआ, अलिराजपूर या जिल्ह्यांच्या आठवडेबाजारांतून भिल्ल आणि भिलाला यांचा भगोरिया भरतो. मांदळ घुमतो, बासरी वाजते, आणि तेथेही ताडी व मोहाची दारू असतेच. देवळाच्या ओसरीवर लहानाचा मोठा झालेला आपल्यापैकी कोणीही या दोन्ही दृश्यांकडे पाहून सहज विचारील की, ज्या दिवसाला संताचे वा सणाचे नाव, त्या दिवशी मद्य कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर नाक मुरडून देता येण्यासारखे नाही, आणि केवळ कायद्याचे पुस्तक उघडूनही देता येण्यासारखे नाही.

प्रथम आयर्लंडचीच गोष्ट पाहू. हा संतदिन बहुधा ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात येतो. एवढ्या दीर्घ निग्रहात एक दिवस मोकळीक असावी, हा मनुष्यस्वभाव ओळखूनच ती सवलत रूढ झाली. शॅमरॉक नावाचे तिपानी रोप त्या दिवशी अंगरख्याला लावावयाचे, आणि दिवस मावळल्यावर ते शेवटच्या पेल्यात बुडवून, संताच्या नावाने तो पेला पिऊन, पान डाव्या खांद्यावरून मागे फेकून द्यावयाचे, अशी तेथील जुनी रीत आहे. या रीतीत माझे लक्ष वेधतो तो 'शेवटचा' हा शब्द. पान पेल्यात पडले की पिणे संपले! रीतीनेच माणसाला घरची वाट दाखविली.

पुढे मात्र दिवस मोठा झाला आणि रीत लहान झाली. १९०३ साली आयर्लंडमध्ये या दिवसाची सार्वजनिक सुट्टी कायद्याने ठरली, आणि १९२७ च्या कायद्याने त्याच दिवशी दारूची दुकाने बंद ठेवण्याचा नियम झाला. ही बंदी १९६० च्या कायद्याने उठली. मधल्या त्या जवळजवळ तीन तपांत डब्लिन शहरी रॉयल डब्लिन सोसायटीच्या श्वानप्रदर्शनात तेवढे मद्य मिळत असे, आणि त्यामुळे संताच्या दिवशी पुष्कळ नागरिकांच्या मनात कुत्र्यांविषयी अकस्मात प्रेम दाटून येत असे, असे तेथील लोक हसत सांगतात. अमेरिकेत गेलेल्या आयरिशांनी तर याच्याही पुढे पाऊल टाकले. १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये बिअरलाच हिरवा रंग देण्याची कल्पना निघाली, आणि १९६२ पासून शिकागोची नदीसुद्धा त्या सणाला हिरवी रंगविली जाऊ लागली. रंग सर्वत्र पसरला. 'शेवटचा पेला' सांगणारे ते लहानसे पान मात्र हरवले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. धार व देवास ही दोन्ही पवारांची मराठी संस्थाने. आणि धारजवळच्या डोंगरावरील मांडू म्हणजे मराठी माणसाचा मांडवगड. या गडावर १६१७ साली जहाँगीर बादशहाचा मुक्काम कित्येक महिने होता. त्याने आपल्या आत्मवृत्तात गडावरील खिलजी सुलतानांची हकीकत सांगताना नासिरुद्दीन या सुलतानाविषयी एक कथा नोंदविली आहे. उज्जयिनीजवळच्या कालियादह येथे हा सुलतान मद्याच्या धुंदीत खोल पाण्यात पडला. सेवकांनी धावून जाऊन त्याचे केस धरले आणि त्याला बाहेर ओढले. शुद्धीवर आल्यावर, आपल्याला केस धरून ओढण्यात आले हे त्याला समजले, आणि त्या अपमानाने संतापून त्याने केसांना हात घालणाऱ्याचे हात तोडविले. पुढे पुन्हा एकदा तो तसाच पाण्यात पडला. या खेपेस काठावर माणसे होती. परंतु हात पुढे करण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. सुलतान बुडून मेला.

ही कथा अक्षरशः खरी असो अथवा दंतकथा असो, मद्याविषयीचे याहून मार्मिक भाष्य माझ्या पाहण्यात नाही. नासिरुद्दीन मद्याने बुडाला, हे अर्धे सत्य झाले. पहिल्या वेळीही मद्य तेवढेच होते आणि पाणीही तेवढेच होते. तरीसुद्धा तो वाचला, कारण काठावर सावरणारा हात होता. दुसऱ्या वेळी तो हात त्याने स्वतःच तोडून टाकलेला होता. म्हणून मद्यपानाच्या कोणत्याही प्रथेची परीक्षा करावयाची तर 'त्यात मद्य किती?' एवढेच विचारून भागत नाही. पिणाऱ्याला 'आता पुरे' म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो अधिकार बजावल्यावर त्याचा हात शाबूत राहतो की नाही, हे विचारले पाहिजे.

या कसोटीवर त्याच डोंगरांच्या परिसरातील भिल्लांची जुनी रीत पाहावी. फाल्गुन-चैत्रात मोहाच्या झाडाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो. बायका-मुले तो वेचतात, वाळवितात, आणि त्या फुलांपासून दारू गाळतात. जन्म, लग्न, मृत्यू आणि पंचांचा निवाडा या प्रसंगी ती लागते. परंतु पिण्यापूर्वी पहिले थेंब धरतीला आणि पूर्वजांना वाहावयाचे असतात. ज्याने पहिला वाटा दुसऱ्याला दिला त्याने हे पेय आपल्या एकट्याचे नाही, असे कबूल केले. शिवाय भोवती सारा पाडा बसलेला, वडीलधारे समोर, बायका बरोबरीने. अशा मेळाव्यात तोल गेलेल्या माणसाला धरावयास पुष्कळ हात असतात. याचा अर्थ भिल्लांच्या वस्तीत दारूने घरे बुडत नाहीत असा कोणी करू नये. बुडतात. परंतु बहुधा ती बुडतात ती पूर्वजांना वाहिलेल्या थेंबाने नव्हे. वाटा गेला, मेळावा गेला, आणि उधारीवर मिळणारी बाटली तेवढी उरली, म्हणजे ती बुडतात.

येथे कोणी म्हणेल, एवढ्या बारकाव्यात शिरण्यापेक्षा बंदीच घालावी. आम्हां कायद्याच्या लोकांना हा मार्ग नेहमीच सरळ वाटतो. तथापि बंदीची एक फार जुनी कथा आपल्याच महाभारतात आहे. मौसलपर्वात यादवांवर अरिष्ट कोसळणार हे दिसू लागताच द्वारकेत दवंडी पिटण्यात आली की, यापुढे कोणी मद्य गाळील तर त्याला आप्तांसह सुळावर चढविले जाईल. ती आज्ञा आहुक, श्रीकृष्ण, बलराम आणि बभ्रू यांच्या नावाने होती. पुढे हेच यादव तीर्थयात्रेसाठी प्रभासक्षेत्री गेले, आणि तेथे, त्या पवित्र स्थळी, ब्राह्मणांसाठी रांधलेले अन्न मद्यात कालवून त्यांनी वानरांना घातले. श्रीकृष्णाच्या देखत पिणाऱ्यांत सात्यकी व कृतवर्मा होते, तसेच बलराम आणि बभ्रूही होते. ज्यांच्या नावाने दवंडी पिटली त्यांच्याच हातात पेला! मग कोणी कोणाचा हात धरावयाचा? सात्यकी व कृतवर्मा यांची बाचाबाची झाली आणि त्यातून कुळाचा संहार झाला.

जहाँगिराचेही तेच. राज्यारोहणाच्या वेळी काढलेल्या फर्मानांत त्याने मद्य गाळण्यास व विकण्यास मनाई केली, आणि आपण स्वतः अठराव्या वर्षापासून पीत आलो आहोत हे त्याच ठिकाणी प्रांजळपणे लिहून ठेवले. प्रांजळपणाबद्दल त्याचे कौतुक करावे. परंतु अशा फर्मानाला प्रजेने कितपत भ्यावे, हे सांगावयास नको.

आपल्या घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीचे उद्दिष्ट घातले गेले, त्याची चर्चा घटनासमितीत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी झाली. त्या चर्चेत दोन विरोधी स्वर विशेष उमटले. एक कोल्हापूरचे बाळासाहेब खर्डेकर यांचा, व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने. आणि दुसरा जयपालसिंग यांचा. तांदळाची बिअर ही आदिवासींच्या धर्मविधीचा आणि शेतीच्या कष्टांचा भाग आहे, तेव्हा त्यांना न विचारता ती हिरावून घेऊ नये, असे जयपालसिंगांचे म्हणणे होते. अनुच्छेद मंजूर झाला, तरी तो मार्गदर्शक तत्त्वांत राहिला. न्यायालयामार्फत त्याची सक्ती करता येत नाही. पुढे १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला व पंचायतीला मद्याची बंदी, नियमन वा मर्यादा घालण्याचा अधिकार देण्याची तरतूद केली. माझ्या मते जयपालसिंगांच्या आक्षेपाला मिळालेले हेच खरे उत्तर होय. 'पुरे' म्हणणारा आवाज राजधानीतून येण्याऐवजी त्याच पाड्यातून यावा, हे त्यातील मर्म आहे. १ एप्रिल २०२५ पासून मध्यप्रदेश शासनाने उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आदी १९ धार्मिक स्थळी दारूची दुकाने बंद केली, हे स्वागतार्हच आहे. मात्र दुकान बंद होणे आणि तृष्णा आवरणे यांत जे अंतर आहे ते डब्लिनच्या श्वानप्रेमींनी मोजून दाखविले आहे.

आतून आलेल्या आवाजाचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर सातपुड्याच्या दक्षिणेस तळोदे तालुक्यात जावे. १९३७-३८ च्या सुमारास तेथे संत गुलाम महाराज या भिल्ल सत्पुरुषाच्या शब्दावर हजारो भिल्लांनी दारू सोडली. ते एकमेकांना 'आप' म्हणू लागले, आरतीसाठी एकत्र जमू लागले. त्यामागे पोलीस नव्हता, दंड नव्हता. आपल्यापैकीच एकाने प्रेमाने धरलेला हात तेवढा होता. त्यापूर्वी शंभर वर्षे, १८३८ पासून, आयर्लंडमध्ये कॉर्क शहरच्या फादर मॅथ्यू या धर्मोपदेशकाने लक्षावधी लोकांकडून मद्यत्यागाची शपथ घेवविली, तीही अशाच बळावर. दोन्ही देश दूर, धर्म भिन्न; पण मनुष्य कशाने सावरतो, याचा अनुभव एकच.

स्वतःपुरते विचाराल तर मद्यापासून दूर राहणे हेच श्रेयस्कर, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. मनूनेही प्रवृत्ती स्वाभाविक मानली, पण निवृत्तीला महाफल देणारी म्हटले. परंतु स्वतःसाठी निवडलेले व्रत हे दुसऱ्याला तुच्छ लेखण्याचे प्रमाणपत्र होऊ नये. भगोरियातील भिल्लाला हसण्यापूर्वी आपण आपल्या घरातील पंचांग उघडावे. आषाढ अमावास्या ही दिव्यांची अवस. घासूनपुसून लखलखीत केलेले दिवे पाटावर मांडून त्यांची पूजा करावयाची, कणकेचे दिवे उकडावयाचे, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावणाच्या नेमात शिरावयाचे. उपवासकाळाच्या उंबरठ्यावरचा हा आपला मोकळिकीचा दिवस, मोकळिकीच्या बाबतीत त्या आयरिश संतदिनासारखा. या अवसेला आज महाराष्ट्रात घरोघर कोणत्या नावाने ओळखतात? 'गटारी'! दीपपूजेच्या दिवसाला गटाराचे नाव कोणा परकीयाने दिले नाही, कोणा भिल्लानेही दिले नाही. ते आपण दिले, हसत हसत दिले, आणि मुलांच्या देखत उच्चारतो.

वकिलीच्या व्यवसायात पोटगीचे आणि मारहाणीचे कागद वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दारूने संसार मोडला, असे त्या कागदांत लिहिलेले असते. परंतु ओळींच्या मधून असेही वाचता येते की, कोणीतरी पूर्वी एकदा हात धरला होता, आणि त्या हाताचा अपमान झाला होता. बहुधा तो हात बायकोचा असतो, कधी म्हाताऱ्या आईचा असतो. पुढच्या खेपेस ती माणसे काठावर उभीच राहतात.

म्हणून येत्या दिव्यांच्या अवसेला प्रत्येक गृहस्थाने एवढेच पाहावे. पाटावरच्या दिव्यांत वात घालणारी गृहिणी त्या रात्री दारातून येणाऱ्या नवऱ्याला 'आता पुरे' असे मोकळेपणाने म्हणू शकते काय? म्हणू शकत असेल तर त्या घरी दिव्यांची पूजा झाली. आणि तिला बोलण्याची भीती वाटत असेल, तर श्रावणातील एकही उपवास ती भीती धुऊन काढणार नाही.